मामांची वही आणि अकरा तबकड्या
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज ज्या गाण्याबद्दल बोलणार आहे ते आपल्याकडचं नाही. ते अमेरिकेतलं आहे, जाझ वाजवणाऱ्यांचं आणि त्या काळच्या लोकप्रिय गायक-गायिकांचं. काळ साधारण १९५० ते १९६०, म्हणजे लाँग प्लेइंग रेकॉर्डची, आपण जिला एलपी म्हणतो तिची, पहिली दहा वर्षं. साताऱ्यात वाढलेल्या आणि सांगलीत बँकेत नोकरी केलेल्या माणसानं फ्रँक सिनात्रावर आणि बिली हॉलिडेवर का बोलावं, असं तुमच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर माझ्या मामांच्या एका वहीत आहे.

मामा साताऱ्याला शनिवार पेठेत राहायचे. शाळेत गणित शिकवायचे आणि गुरुवारी भजनाला पेटीची साथ करायचे. १९७४ साली पाचगणीचा एक बंगला रिकामा झाला आणि त्यातलं सामान एका भंगारवाल्यानं साताऱ्याला आणलं. त्यात एका लाकडी खोक्यात अकरा एलपी होत्या. मामांनी त्या जवळजवळ रद्दीच्या भावानं उचलल्या. पाचगणीत अशा रेकॉर्ड सापडाव्यात यात नवल नाही. तिथल्या इंग्रजी शाळा, पारशी बंगले, उन्हाळ्यात येणारी मुंबईची माणसं यांच्यामुळे पाश्चात्त्य संगीत तिथे आपल्या आधी पोचलं होतं. पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजलेला फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतच शिकला आणि १९५८च्या सुमाराला शाळासोबत्यांबरोबर त्यानं ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंदही काढला. आपल्या सातारा जिल्ह्याच्या इतिहासात ही नोंद फारशी कुणी करत नाही. असो.

मामांना इंग्रजी वाचता येत होतं, पण गाण्यातलं इंग्रजी समजायचं नाही. तरीही त्यांनी एक शंभर पानी वही घातली. प्रत्येक रेकॉर्डला एक पान. पानावर तीन रकाने: पहिली बाजू, दुसरी बाजू, आणि तिसरा ‘पुन्हा ऐकल्यावर’. रकान्यात त्यांचा शेरा. गणिताच्या मास्तरांचा शेरा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मी त्या वेळी शाळेत होतो. रविवारी सकाळी शेजारी बसून ऐकायचं आणि मध्ये बोलायचं नाही, एवढंच माझं काम.

‘बाजू’ हा शब्द त्या वहीत फार महत्त्वाचा आहे. एलपीच्या आधीची लाखेची ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. कलावंत केवढाही मोठा असो, त्याला तेवढ्यात आटोपावं लागे. आमच्या मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आठवा. रागाचं रूप, बोलांची आर्तता आणि पुन्हा मुखड्यावर येणं हे सगळं त्या तीन मिनिटांत बसवलेलं आहे. ते १९३७ साली गेले. त्यांना एलपी मिळालीच नाही. त्यांच्या ७८च्या तबकड्या पुढे एलपीवर एकापुढे एक लावून काढल्या गेल्या, पण तो एकेका तुकड्याचा हार झाला. लांब गाणं झालं नाही.

एलपी आली ती १९४८च्या जूनमध्ये. अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीनं ती न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांना दाखवली. लाखेऐवजी विनाइल, बारीक खोबणी आणि मिनिटाला सव्वातेहतीसच्या जरा वर, म्हणजे नेमक्या तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सहज मावायला लागली. आधी तिचा फायदा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताला झाला. लोकप्रिय गाण्यांच्या एलपी सुरुवातीला लहान, दहा इंची निघायच्या आणि त्यांत चार-चार गाणी एकेका बाजूला भरलेली असायची. मग हळूहळू कलावंतांच्या लक्षात आलं की ही नुसती मोठी थैली नाही. ड्यूक एलिंग्टननं १९५० सालच्या डिसेंबरात स्वतःचं ‘मूड इंडिगो’ पुन्हा मुद्रित केलं. १९३० साली तीन मिनिटांच्या तबकडीवर मावलेली ती चीज आता पंधरा मिनिटांची झाली. आपल्याकडच्या रसिकाला हे लगेच उमगतं. बंदिश तीच, पण विस्ताराला जागा मिळाली. आपल्याकडेही तसंच घडलं. अली अकबर खाँसाहेबांची अमेरिकेत मुद्रित झालेली एलपी १९५५ साली निघाली आणि नंतर अमीर खाँसाहेबांच्या मारवा-दरबारीसारख्या रेकॉर्डमधून आपल्या घराघरांत विलंबित लय पोचली.

म्हणून मामांचा नियम होता की एलपीचं परीक्षण गाण्यावरून करायचं नाही, बाजूवरून करायचं. सुई उचलून आवडतं गाणं शोधणाऱ्याला ते ‘हॉटेलात भजी निवडणारा’ म्हणायचे.

त्यांचा दुसरा नियम मला त्या वेळी विनोदी वाटायचा. रेकॉर्ड लावण्याआधी पेटी उघडायची, आणि वाद्यवृंदाचा सूर पेटीच्या कोणत्या पट्टीत बसतो ते पाहायचं. कुठल्यातरी पट्टीत तो नीट बसायलाच हवा. दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळला, तर गाणाऱ्याला दोष द्यायच्या आधी यंत्र तपासायचं. याला कारण घडलं होतं. एला फिट्झगेराल्डची कोल पोर्टरच्या गाण्यांची दोन रेकॉर्डची जोडी खोक्यात होती. १९५६ साली नॉर्मन ग्रॅन्झनं व्हर्व्ह ही नवी कंपनी काढली तेव्हा तिथून निघालेली ही एलाची पहिली मोठी जोडी. तिच्या पानावर पहिला शेरा असा: ‘सायं. ७ वा. ऐकली. बाई उत्तम, पण उतरते.’ आणि तिसऱ्या रकान्यात चार दिवसांनी लिहिलेलं: ‘सकाळी ६ वा. पुन्हा ऐकली. बाई बिनचूक. वीज उतरली होती.’ त्या दिवसांत संध्याकाळी दिवे लागले की विजेचा दाब पडायचा, मोटर संथ व्हायची आणि सूर खाली यायचा. त्या शेऱ्याखाली लाल शाईनं एक रेघ आहे. विद्यार्थ्याचे मार्क चुकून कापले गेले की मास्तर जसे ते परत देतात, तसं ते वाटतं.

ही पेटीची सवय मला पुढे फार कामाला आली. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ मी नोकरीत असताना मुंबईच्या फूटपाथवरून घेतली. १९५९ सालची ही रेकॉर्ड जाझमधली सर्वांत थोर म्हणून सांगितली जाते. घरी आणून पेटी उघडली तर पहिल्या बाजूचा सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये. वाटलं, माझं यंत्र जास्त पळतंय. दुसरी बाजू लावली, तर ती व्यवस्थित बसली! एकाच यंत्रावर एक बाजू चढी आणि दुसरी बरोबर, हे कसं होईल? मी मोटर उघडली, पट्टा बदलला, सुई बदलली. काही फरक नाही. कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की २ मार्च १९५९च्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी ज्या टेपयंत्रावर ते घेतलं गेलं तेच थोडं हळू फिरत होतं. त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर मूळपेक्षा चढ्या सुरात गेली. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती ठीक होती. तीस वर्षांहून अधिक काळ सगळं जग ती बाजू चढी ऐकत होतं आणि वाखाणत होतं. नव्वदच्या दशकात ती दुरुस्त करून निघाली. मामा तेव्हा हयात होते. त्यांना हे सांगायचं राहून गेलं. मला स्वतःलाच ते फार उशिरा कळलं.

याच रेकॉर्डबद्दल आपल्याकडे हमखास सांगितलं जातं की यात रागदारी आहे. मीही काही वर्षं चारचौघांत तसंच ठोकून देत होतो. पहिल्या गाण्यात सोळा मात्रा-गटांपर्यंत वादक एकाच स्वरसप्तकावर राहतात, भराभर बदलणारे स्वरमेळ नाहीत, हे खरं. पण सप्तक म्हणजे राग नव्हे. वादी-संवादी नाही, ठरलेलं चलन नाही, आणि आठ गटांसाठी अख्खं सप्तक अर्ध्या सुरानं वर उचलून पुन्हा खाली आणलं जातं. आपल्या बैठकीत तंबोरा चालू असताना कुणी असं करून पाहावं! आपल्या ओळखीचं काही सापडलं की आनंद होतो हे साहजिक आहे. मात्र त्या आनंदात समोरचा माणूस नेमकं काय करतोय ते ऐकायचं राहून जातं.

डेव्ह ब्रुबेकच्या ‘टाइम आउट’ या १९५९च्याच रेकॉर्डवर मामांचा शेरा म्हणूनच मला जास्त प्रामाणिक वाटतो. त्यातलं ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं. पॉल डेसमंडनं बांधलेलं. मामांनी मात्रा मोजल्या, तीन आणि दोन अशी फोड लिहिली आणि पुढे लिहिलं: ‘अर्धा झपताल? नव्हे. सम कुठे?’ हा प्रश्न बरोबर आहे, कारण आपण ज्या अर्थानं समेवर येतो तसं ते येत नाहीत. त्यांचं परतणं गाण्याच्या आराखड्याकडे असतं. पण त्याच पानावर खाली एक ओळ आहे जी वाचून मी आजही हसतो: ‘मधे ढोलवाला एकटा वाजवतो तेव्हा पियानोवाला लेहरा धरतो. आमचीच हमाली!’ पेटीवाल्याशिवाय हे कुणाला सुचलं नसतं, आणि ते तंतोतंत खरं आहे. जो मोरेलोचा ड्रम मोकळा सुटतो तेव्हा ब्रुबेक तोच छोटा तुकडा न कंटाळता फिरवत राहतो, तबल्याच्या सोलोला साथीदार लेहरा फिरवतो तसा. हा ब्रुबेक १९५८ साली अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर भारतात आला होता. मुंबईत अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर तो वाजवायला बसला होता. ‘टाइम आउट’च्या सुरुवातीच्या गाण्यातली दोन-दोन-दोन-तीन अशी नऊची चाल त्यानं त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकली होती.

मामांनी आणखी एक काम केलं. जाझच्या रेकॉर्डच्या पाठीवर प्रत्येक वादकाचं नाव छापलेलं असतं. ती सगळी नावं त्यांनी वहीत देवनागरीत उतरवून घेतली. उच्चार अर्थातच सातारी. उतरवताना ते एकदा म्हणाले, “आपल्या सिनेमाच्या रेकॉर्डवर गायक असतो, संगीतकार असतो. ट्रंपेट कोण वाजवतो रे?” मला उत्तर माहीत नव्हतं. आता माहीत आहे. सी. रामचंद्रांच्या १९५१च्या ‘अलबेला’तली ती झणझणीत गाणी ऐका. त्यांच्यामागे चिक चॉकलेट या नावानं मुंबईत गाजलेला, आंतोनियो झेवियर वाझ हा गोव्याचा ट्रंपेटवादक होता. मुंबईच्या हॉटेलांतून रात्री जाझ वाजवणारे असे कितीतरी गोवेकर दिवसा स्टुडिओत आपली गाणी सजवत होते. तबकडीवर त्यांची नावं नाहीत. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात त्या काळाचा हिशेब बराचसा मांडला. आपण जाझ ऐकत नाही असं म्हणणाऱ्या मराठी माणसानं भगवानदादांची गाणी ऐकलेली असतात, म्हणजे त्यानं जाझ ऐकलेलं असतं. १९६८ साली शंकर-जयकिशन यांची ‘रागा जाझ स्टाइल’ ही एलपी निघाली. तिच्यात रईस खाँची सतार आहे, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन आहे. वादन झकास, पण अकरा राग एकाच तबकडीत! प्रत्येक राग सिनेमाच्या गाण्याएवढा. लांब तबकडी हातात असून विस्तार कुणालाच मिळाला नाही. माझा शेरा विचाराल तर ती सुंदर सजवलेल्या ७८च्या तबकड्यांची माळ आहे.

आता सिनात्राकडे येतो. १९५५ सालची ‘इन द वी स्मॉल अवर्स’ ही त्याची रेकॉर्ड, वाद्यवृंदाची मांडणी नेल्सन रिडलची. एकच मनःस्थिती धरून सोळा गाणी. मध्यरात्र उलटून गेली आहे, माणूस एकटा आहे, झोप येत नाही. दुसरंच गाणं आपलं ‘मूड इंडिगो’. मामांचा शेरा: ‘नाटकात पाडतील. मायक्रोफोनपुढे राजा. मात्र एकच रस, कंटाळा.’ पहिली दोन वाक्यं मला मान्य आहेत. आपल्याकडेही नाट्यपद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारा आवाज आधी होता आणि मायक्रोफोन आल्यावर जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांच्या भावगीतानं हलक्या आवाजात बोलायला सुरुवात केली. सिनात्रा त्याच जातीचा. शब्दाच्या शेवटी श्वास न तोडता पुढच्या ओळीत शिरण्याची त्याची जी हातोटी आहे, ती आपण टॉमी डॉर्सीच्या ट्रॉम्बोनवरून, त्याचा दमसास पाहून शिकलो असं तो स्वतः सांगत असे. तिसरं वाक्य मात्र मला पटत नाही. एकच रस आहे म्हणूनच ती बाजू बाजू आहे. मध्येच एक उडतं गाणं घातलं असतं तर ती रात्र मोडली असती. मामा सकाळी सहाला ऐकायचे, हीच मुळात अडचण. त्यांनी मारवा सकाळी लावला असता का?

हे सगळं मी हसत सांगतोय. पण वहीत एक पान असं आहे की ज्याबद्दल मला हसता येत नाही.

अकरावी रेकॉर्ड बिली हॉलिडेची. नाव ‘लेडी इन सॅटिन’. फेब्रुवारी १९५८मध्ये न्यूयॉर्कला रे एलिसच्या मोठ्या तंतुवाद्यवृंदाबरोबर मुद्रित झालेली. बिली तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. दारू, अफूजन्य मादक द्रव्यं, तुरुंग, कामावर बंदी या सगळ्यातून गेलेली. जुलै १९५९मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी ती गेली. मामांचा शेरा दोन वाक्यांचा: ‘आवाज संपला. लावू नये.’ दुसऱ्या बाजूचा रकाना कोरा. तिसराही कोरा. म्हणजे त्यांनी ती उलटलीसुद्धा नाही.

मी ती आज्ञा पाळली. मामा १९९६ साली गेले, खोकं सांगलीला माझ्याकडे आलं, आणि तरी मी ती रेकॉर्ड लावली नाही. पुढे विश्रामबागेत आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एका रविवारी जमून ऐकायला लागलो. मी मामांच्या खोक्यातली एकेक रेकॉर्ड लावायचो, वहीतला शेरा वाचायचो, लोक हसायचे, वाद घालायचे. दहा झाल्या. त्या बैठकीला मिरजेहून एक वयस्कर कारागीर यायचे. तंबोरे आणि सतारी बनवण्यात हयात गेलेली, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती कीर्ती अशाच हातांनी केलेली. चाचांना इंग्रजीचा गंध नाही. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही अकरा म्हणाला होता. अकरावी कुठाय?” मी शेरा वाचून दाखवला. ते म्हणाले, “मामांनी न लावण्याची आज्ञा तुम्हाला केली होती. आम्हाला नाही.”

लावली. पहिलंच गाणं सिनात्रानं स्वतः १९५१ साली गायलेलं, त्याच्या रचनेतही त्याचा वाटा होता. व्हायोलिनांची गोड साय पसरते आणि तिच्यावर तो आवाज येतो. चिरलेला, खरखरीत, वरच्या सुराला हात पोचत नाही असा. खोलीतले दोघे-तिघे अस्वस्थ झाले. मीही झालो. मामा बरोबर होते असं वाटलं. चाचा डोळे मिटून पहिली बाजू संपेपर्यंत बसले होते. सुई आतल्या रिंगणात खरखरायला लागली तेव्हा म्हणाले, “घोडी झिजली आहे साहेब. तार उतरलेली नाही.”

तंबोरा जवळून पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. इतरांसाठी सांगतो. तंबोऱ्याची तार ज्या रुंद घोडीवर टेकते तिचा माथा कारागीर कानशीनं इतका नाजूक उतरवतो की तार तिला निसटती चाटत राहते. त्यातून तो गुंजणारा, भरलेला नाद येतो. तीच जवारी. वाद्य वाजून वाजून घोडीला चरे पडतात, जवारी बिघडते, नाद खरखरीत होतो. पण तेव्हाही तार सुरात लावलेली असेल तर ती सुरातच असते. नाद वेगळा आणि सूर वेगळा. चाचांनी आयुष्यभर हे दोन वेगवेगळे करून ऐकले होते. आम्ही रसिक म्हणवणारे दोन्ही एकत्र ऐकत होतो.

त्या रात्री मी ती बाजू तीनदा ऐकली. पेटी काढून ऐकली. काही ठिकाणी ती सुराच्या काठावर येते, हे खोटं बोलून लपवणार नाही. पण जिथे ती टेकते तिथे नेमकी टेकते. आणि तिचं शब्द टाकणं! ठेक्याच्या मागे राहून शब्द इतका उशिरा टाकते की आता चुकणार असं वाटतं, आणि ती ओळ संपताना वाद्यवृंदाबरोबर शांतपणे पोचलेली असते. १९३७च्या सुमाराच्या तिच्या तबकड्या लावून पाहिल्या, लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनबरोबरच्या. आवाज तिथे कोवळा, चमकदार. पण शब्द मागे ठेवण्याची कला तीच. म्हणजे वीस वर्षांत जे झिजलं ते वेगळं होतं, आणि जे होतं ते उलट आणखी धीट झालं होतं. वाद्यवृंद बांधणारा रे एलिससुद्धा मुद्रणाच्या वेळी तिच्यावर नाराज होता. काही आठवड्यांनी तयार ध्वनिमुद्रण ऐकलं तेव्हा आपण नुसतं संगीताच्या कानानं ऐकत होतो हे लक्षात आलं, असं त्यानंच पुढे सांगितलं. मामांना निदान तेवढी सोबत तरी आहे.

या रेकॉर्डची स्तुती करणारे पुष्कळदा म्हणतात की तिच्या आवाजात तिचं दुःख ऐकू येतं. मला हे बोलणं आवडत नाही. दुःख कितीतरी माणसांजवळ असतं, म्हणून काही त्यांची लय अशी होत नाही. आणि रेकॉर्डमध्ये दोष आहेत. व्हायोलिनं गरजेपेक्षा गोड आहेत, मागचा स्त्रियांचा आ-आ-आ तर मला आजही सहन होत नाही. जे. जे. जॉन्सनसारखा ट्रॉम्बोनवादक तिथे हजर असताना त्याला अधिक जागा द्यायला हवी होती.

पण खरी टोचणी वेगळीच आहे. बालगंधर्वांचं नागठाणे गाव आपल्याच सांगली जिल्ह्यातलं. मामांनी त्यांना उतारवयात भजन म्हणताना ऐकलं होतं. आवाज थकलेला, अंगात त्राण नाही. मामा ती गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांचे डोळे भरून यायचे. म्हणायचे, “आवाज गेला होता रे, पण गंधर्व जागच्या जागी होते.” नेमकं हेच त्यांनी ऐकायला हवं होतं, आणि त्यांना ते ऐकण्याची विद्याही होती. विजेचा दाब पडला होता म्हणून एलाला मार्क परत देणारा हा माणूस. बिलीला मात्र त्यांनी दुसरी बाजूसुद्धा दिली नाही. गंधर्वांचं तारुण्यातलं गाणं त्यांच्या कानात होतं, त्यामुळे उरलेलं काय आहे ते त्यांना कळलं. बिलीचं आधीचं काहीच त्यांनी ऐकलं नव्हतं. खोक्यात तिची ती एकच रेकॉर्ड होती. हे त्यांच्या बाजूनं मी स्वतःला सांगतो. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं काही नाही. माझ्याकडे पुस्तकं होती, पैसे होते, यंत्र चांगलं होतं, आणि मी वीस-पंचवीस वर्षं दोन वाक्यांवर विसंबून राहिलो.

चाचा आता नाहीत. वही माझ्याकडे आहे. मामांचा शेरा मी खोडला नाही. दुसऱ्या बाजूचा कोरा रकाना मी तसाच ठेवला, कारण तो त्यांचा होता. तिसऱ्या रकान्यात, ‘पुन्हा ऐकल्यावर’ या मथळ्याखाली, माझ्या अक्षरात लिहिलं: ‘दोन्ही बाजू ऐकल्या. घोडी झिजली आहे, तार उतरलेली नाही (मिरजेच्या चाचांचं मत, मला मान्य). मागचा कोरस वाईट. रात्री ऐकावी. पेटीवर तपासली, वेग बरोबर आहे.’